पाटीवरचे एकोणपन्नास

गावाच्या तोंडाशी एक पाटी होती. वर गावाचं नाव, खाली 'लोकसंख्या' आणि त्याखाली एक पांढरा पत्रा. पत्र्यावर कोळशाने आकडा लिहायचा, म्हणजे पुसायला सोपा. नावाचा रंग कधीच उडाला होता. आकडा मात्र नेहमी ताजा असे. गावाला नावापेक्षा आकड्याची गरज जास्त होती.

सोमवारी संध्याकाळी आकडा ५० होता. मंगळवारी सकाळी तो ४९ झाला. रात्रीतून कोणी मेलं नव्हतं.

गावसमितीच्या अध्यक्षबाईंनी ओल्या फडक्याने पत्रा पुसून पुन्हा ५० लिहिलं. बुधवारी सकाळी पुन्हा ४९. बाईंनी पुन्हा पुसलं. गुरुवारी सकाळी तिसऱ्यांदा ४९ दिसलं तेव्हा त्यांनी फडकं खाली ठेवलं आणि दाजींना फोन लावला.

दाजी खाजगी तपासाचं काम करत. त्यांच्याबरोबर मेहुणा असे. हा त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. त्याला मदतीला ठेवलाय, असं दाजी सांगत. ठेवावा लागला, असं त्यांची बायको सांगे. तो दाजींना दाजी म्हणायचा, म्हणून हळूहळू सगळेच म्हणू लागले.

शुक्रवारी सकाळी सातच्या बसने दोघे निघाले. तीन तासांच्या रस्त्यात बसमध्ये तिसरा माणूस ड्रायव्हर.

"या गावाला उतारू नसतातच का हो?" मेहुण्याने विचारलं.

"जाताना असतात," ड्रायव्हर म्हणाला, "येताना मी एकटा. सोमवारी तेवढ्या नर्सबाई."

"त्यांच्याशिवाय शेवटचे उतारू कोण होते?"

"दीड महिन्यापूर्वी दोघी बहिणी खाली नेल्या होत्या. मोठ्या इस्पितळात. गावातल्या मावश्या. अकरा वर्षं एकमेकींशी बोलत नाहीत, पण बसल्या एकाच बाकावर. धाकटीने थोरलीचा हात धरला होता. तोही न बोलताच."

"परत कधी आल्या?" दाजींनी विचारलं.

"आल्या असतील. मी पंधरा दिवस रजेवर होतो, दुसरा ड्रायव्हर होता."

पाटीपाशी दोघे उतरले. बाईंनी आकडा दाजींसाठी तसाच ठेवला होता. दाजींनी वाकून पाहिलं, बोट ओलं करून चाराच्या पोटाला लावलं आणि बोट मेहुण्यापुढे धरलं.

"निळं," मेहुणा म्हणाला.

"नीळ. कपड्यांना घालतात ती. कोळसा पाटीच्या मागच्या डब्यात पडलेला असताना घरून नीळ घेऊन यायचं कारण काय?"

"कोळशाने हात काळे होतात."

दाजींनी आपल्या निळ्या बोटाकडे पाहिलं.

अध्यक्षबाईंचं घर वळणावरच होतं. बाई साठीच्या, आवाज शाळेच्या घंटेसारखा. त्यांची सून खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती. आठवा संपत आला होता.

"उद्या दहाच्या बसने मोजणी अधिकारी येणार," बाई म्हणाल्या. "माणसं पन्नासाच्या खाली गेली की दवाखाना बंद आणि नर्सची बदली. सरळ नियम आहे. हिला पाच आठवडे राहिलेत."

सून खिडकीबाहेर बघत होती.

"मागच्या खेपेला नर्स नव्हती," बाई हळू म्हणाल्या. त्यांचा आवाज हळूही होऊ शकतो हे मेहुण्याला तेव्हा कळलं. "बसने नेत होतो. दुसऱ्या वळणापर्यंतच पोचलो." थोडं थांबून त्या पुन्हा घंटेच्या आवाजात म्हणाल्या, "तेव्हा हे कोण लिहितंय ते आज संध्याकाळपर्यंत शोधा. पाटी मी पुसेन, पण उद्या त्याने अधिकाऱ्यासमोर तोंड उघडलं तर तोंड कसं पुसू?"

"गावात माणसं पन्नास आहेत ना, पण?" दाजींनी विचारलं.

बाईंनी वही काढली. पन्नास नावं, पन्नास वयं.

"वहीतून नाव कधी कमी होतं?"

"माणूस मेलं तर. नाहीतर 'जातो' म्हणून गेलं तर."

"'जातो' म्हणून कोणी जातं?"

"नाही ना!" बाई ठासून म्हणाल्या. "आपल्यात कोण म्हणतं 'जातो'? सगळे 'येतो' म्हणूनच निघतात. येतो म्हटलेल्या माणसाचं नाव मी कसं खोडू? उद्या आला म्हणजे?"

मेहुण्याला हे इतकं पटलं की त्याने ते टिपून घेतलं. दाजींनी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. फोटोत सुनेच्या शेजारी एक तरुण हसत होता. दारात मात्र पुरुषाची एकही चप्पल नव्हती.

"चिरंजीव?"

"शहरात कामाला असतो," बाई म्हणाल्या आणि वही मिटली. "येतो अधूनमधून."

गावात एकच दुकान होतं. दुकानदार काउंटरवर कोपर टेकून बसला होता आणि कोपराखालचं लाकूड गुळगुळीत झालं होतं.

"नीळ कोण कोण नेतं?"

"तिघं. मास्तर, त्यांचे पांढरे शर्ट. नर्सबाई, त्यांचा पांढरा डगला. आणि थोरल्या मावशी, त्यांचे उशांचे अभ्रे. बाकीच्यांनी पांढरं घालणं सोडलं. बघायला आहे कोण?"

"शेवटची कोणी नेली?"

"आठवत नाही. गिऱ्हाईक कसलं, साहेब, पाहुणे येतात तशी माणसं येतात. बघा, ही थोरल्यांची तपकीर. त्यांच्यासाठी खास मागवतो. दीड महिना पडून आहे. धाकट्या म्हणाल्या, ताईंनी सोडली. साठ वर्षांची तपकीर अशी सुटते का हो?"

"दाढ दुखत असेल तर सुटते," मेहुणा जाणकारासारखा म्हणाला.

दुकानदाराने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "ती पाटी... माझ्याबद्दलच आहे ना?"

"का?"

"माझी दोन्ही मुलं. जुळी आहेत. बोर्डिंगात आहेत, चार वर्षं झाली. पण त्यांची नावं... येतो म्हणून गेलीत हो ती. रडत रडत म्हणाली."

"असं," दाजी म्हणाले.

शाळेत अकरा मुलं आणि एक मास्तर. मुलांना शुद्धलेखन घालून मास्तर व्हरांड्यात आले. शर्ट पांढराशुभ्र, कॉलरला निळसर झाक. दाजींनी आकड्याची नक्कल वहीच्या पानावर काढून आणली होती.

"हा नऊ माझा नाही," मास्तर लगेच म्हणाले. "बघा ना, जुन्या वळणाचा आहे. पोट उलटीकडे. असा नऊ काढणारी पिढी माझ्या आजीची. मी मुलांना असा नऊ काढल्याबद्दल उभं करीन."

"गावात असा नऊ कोण काढेल?"

"सत्तरीच्या पुढचं कोणीही. पाच-सहा जण आहेत." मास्तरांनी खडू एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "पण लिहिणाऱ्याला काय म्हणायचंय ते मला माहीत आहे. माझी बायको दोन वर्षांपूर्वी माहेरी गेली. तिचं नाव वहीत आहे. लोक माझ्या तोंडावर म्हणत नाहीत, म्हणून पाटीवर लिहिलं."

"पत्र पाठवलंत का कधी?"

"मी का पाठवू? गेली ती." मग त्यांनाच ते कानाला कसंतरी लागलं असावं. "म्हणजे, येते म्हणाली होती."

दवाखाना म्हणजे एक खोली, एक खाट, एक कपाट. नर्स अठ्ठावीस-तिशीची होती. पांढरा डगला दोरीवर वाळत होता. तिने दाजींना बसू दिलं, स्वतः उभीच राहिली.

"ते माझ्यावर आहे," ती म्हणाली.

"बोला."

"मी इथली नाही. शुक्रवारी संध्याकाळच्या बसने घरी जाते, सोमवारी येते. यावेळी मोजणी म्हणून थांबलेय. अध्यक्षबाई म्हणाल्या, 'आठवड्यातले पाच दिवस इथे असता, म्हणजे निम्म्याहून जास्त तुम्ही आमच्याच.' माझ्याच नोकरीसाठी मी स्वतःला मोजून घेतलं. कुणीतरी लिहिणारच होतं."

मेहुण्याने दाजींकडे पाहिलं. आता कबुलीजबाब गोळा करायला वेगळी पिशवी लागणार, असं त्याला वाटलं.

"मावश्या इस्पितळात कशासाठी गेल्या होत्या?" दाजींनी विचारलं.

"थोरल्यांचं हृदय. मीच पाठवलं. आठवड्याने परत आल्या. दुसऱ्या दिवशी धाकट्या मावशी वाटेत भेटल्या तेव्हा विचारलं, 'ताई कशा आहेत?' म्हणाल्या, 'आहेत.'"

"आहेत. एवढंच?"

"एवढंच. त्या मोजकंच बोलतात."

"नंतर थोरल्यांना तपासलंत?"

नर्सने दोरीवरचा डगला उगाच सरळ केला. "गेले होते दोनदा. दारातूनच बोलल्या. दाढ दुखते म्हणून तोंड बांधलेलं. म्हणाल्या, आता डॉक्टर-नर्स पुरे. मी जोर नाही केला. आपल्याला नको म्हटलं की बरं वाटतं ना, एक काम कमी झालं म्हणून. असं म्हणू नये, पण म्हटलं."

मावश्यांचं घर गावाच्या वरच्या टोकाला होतं. घर एक, पण मधोमध भिंत घालून दोन केलेलं. दोन दारं, दोन धुराडी, अंगणात दोन दोऱ्या. डावीकडे थोरली, उजवीकडे धाकटी. भांडण कशावरून झालं हे गावात कुणालाच नक्की माहीत नव्हतं. रात्री शेवटची कडी कोणी लावायची यावरून, असा बहुमताचा अंदाज होता.

उजवं दार लगेच उघडलं. धाकट्या मावशी बारीक, चष्मा नाकाच्या टोकावर, अंगावर राखाडी शाल. चुलीवर आधण होतं.

"पाटीचं का? मला काय माहीत. मी वर राहते, पाटी खाली."

"नीळ वापरता?"

"मी नाही वापरत. ताई वापरतात."

"ताई कशा आहेत?"

मावशींनी आधणाकडे पाहिलं. "आहेत. पलीकडे. आमचं बोलणं नाही."

"इस्पितळात एकत्र गेला होतात ना?"

"जावं लागलं. तिथेही... तिथलं काय विचारता." त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. "चहा घ्याल? नाही म्हणता? मग जा पलीकडे. ताईंना उठायला वेळ लागतो. दार वाजवून जरा थांबा."

ते थांबले. बराच वेळ थांबले. मेहुण्याने दोऱ्या पाहून घेतल्या. दोन्हींवर एकेक पातळ वाळत होतं. मग डाव्या दाराची कडी निघाली. आत अंधार. डोक्यावरून तपकिरी शाल, त्यातून गालाला फडकं बांधलेलं, डोळ्यांवर चष्मा नाही, आवाज घोगरा.

"बसा. दिवा नको, डोळ्यांना त्रास होतो."

दोघे चाचपडत बसले. मेहुणा चुलीशेजारी बसला. हात टेकायला जागा हवी म्हणून त्याने चुलीच्या कडेवर हात टेकला आणि तसाच ठेवला. थोरल्यांनी आतून दोन कप आणले. चहा कढत होता, मेहुण्याची जीभ पोळली.

"मावशी, पाटीवर नीळ वापरून लिहिलंय," दाजी म्हणाले.

"मला नका विचारू. नीळ मी नाही वापरत. ताई वापरतात."

"बरं," दाजी म्हणाले. त्यांनी कप खाली ठेवला. "धाकट्यांशी बोलणं होतं का?"

थोरल्यांनी शाल आणखी पुढे ओढली.

"आता काय बोलायचं राहिलंय," घोगरा आवाज म्हणाला. "या तुम्ही."

उतारावरून येताना मेहुण्याने प्रकरण सोडवून टाकलं.

"थोरल्या मावशी! नीळ त्यांचीच, वय ऐंशीला टेकलेलं म्हणजे नऊ जुन्या वळणाचा. बाकीचे दोघे नीळवाले तरुण. आणि अंधारात बसतात, म्हणजे मनात पाप. दाजी, बाईंना आजच सांगून टाकू, पाचची बस मिळेल."

"थोरल्या मावशींनी नाही लिहिलं."

"कशावरून?"

"तू चुलीवर हात ठेवला होतास. भाजला?"

"नाही. चूल गार होती. छान वाटलं."

"आणि जीभ?"

"जीभ पोळली," मेहुणा म्हणाला, आणि त्याचा चेहरा तसाच राहिला, जसा गणित चुकलं आहे पण कुठे ते कळत नाही अशा मुलाचा राहतो.

दाजी पाचच्या बसने गेले नाहीत. त्यांनी बाईंना निरोप दिला की उद्या सकाळी आठ वाजता पाच माणसं शाळेत बोलवा: स्वतः बाई, दुकानदार, मास्तर, नर्स आणि मावश्यांपैकी ज्यांना येता येईल त्या.

शनिवारी सकाळी सात वाजता ते एकटेच वर जाऊन आले. मेहुण्याने विचारलं तेव्हा म्हणाले, "परवानगी मागायला गेलो होतो."

आठ वाजता मोठी माणसं मुलांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसली. धाकट्या मावशी शेवटच्या बाकावर, भिंतीला टेकून. थोरल्या आल्या नव्हत्या. बाईंबरोबर सूनही आली. घरी एकटं बसवत नाही म्हणाली. दुकानदाराने तिच्यासाठी मास्तरांची खुर्ची ओढून आणली.

"लौकर," बाई म्हणाल्या. "दहाला बस आहे. कोण आहे तो?"

"आधी आकडा बघू," दाजी म्हणाले. "काल मी चार घरांत गेलो. प्रत्येकाला वाटत होतं, एकोणपन्नास म्हणजे आपल्याबद्दल. दुकानदारांची दोन मुलं बोर्डिंगात..."

"अहो!" दुकानदार म्हणाला.

"...मास्तरांची पत्नी माहेरी, नर्सबाई स्वतः, आणि बाई, तुमचा मुलगा. त्याची चप्पलसुद्धा गावात राहत नाही. पाच माणसं जी इथे नाहीत. मग लिहिणाऱ्याने पंचेचाळीस का नाही लिहिलं?"

"म्हणजे त्याला बाकीचे माहीत नव्हते," मेहुणा म्हणाला.

"पन्नास माणसांच्या गावात? मास्तरांची बायको गेली हे मला बसस्टॉपपासून शाळेपर्यंत येताना तिघांनी सांगितलं. सगळ्यांना सगळं माहीत आहे. फक्त इथे त्याला गेलं म्हणत नाहीत. बाईंच्या वहीचा नियम आहे: येतो म्हणून निघालेला माणूस इथलाच. लिहिणारा तो नियम पाळतो. त्याने त्या पाचांना हात लावला नाही. एकच कमी केला. बाईंच्या नियमाने एक कधी कमी होतो?"

बाईंच्या ओठांची हालचाल झाली, पण शब्द सुनेने उच्चारला.

"मेल्यावर."

"रात्रीतून कोणी मेलं नाही, हे खरं," दाजी म्हणाले. "दीड महिन्यापूर्वी मेलं. थोरल्या मावशी इस्पितळातून परत आल्याच नाहीत."

नर्स उभी राहिली. बाक लहान असल्यामुळे तिच्याबरोबर बाकही थोडा उचलला गेला.

"पण मी त्यांच्याशी बोललेय! दारातून!"

"मीही बोललो. अंधारात. साठ वर्षांची तपकीर दीड महिन्यापूर्वी अचानक सुटली. तोंड बांधलेलं, तपासणी नको. आमच्या मेहुण्याने हात टेकला ती चूल गार होती आणि चहा कढत. म्हणजे चहा पलीकडच्या चुलीवर झाला. आधण तिथे होतं, ते आम्ही पाहिलं होतं. घराला मागून वाट असणार."

"आहे," मास्तर म्हणाले. "कोळशाच्या कोठीतून."

"पण या सगळ्याशिवायही कळलं असतं. धाकट्या मावशींना विचारलं, नीळ वापरता का. म्हणाल्या, 'मी नाही वापरत. ताई वापरतात.' बरोबर. मग थोरल्यांना विचारलं. त्याही म्हणाल्या, 'मी नाही वापरत. ताई वापरतात.'" दाजी थांबले. "थोरल्या बहिणीला ताई कुठून आली?"

दुकानदाराने कपाळाला हात लावला.

"सत्तर वर्षं ज्या माणसाला ताई म्हटलं, त्याचं सोंग घेता येतं. पण तोंडातली ताई जात नाही."

सगळे वळून शेवटच्या बाकाकडे बघू लागले.

"मी यांच्याकडे सकाळी गेलो होतो," दाजी म्हणाले. "त्या म्हणाल्या, तुम्हीच सांगा, मला सुरुवात करता येत नाही. सुरुवात झाली, मावशी."

धाकट्या मावशींनी चष्मा नीट केला.

"मी लपवायचं म्हणून नाही लपवलं," त्या म्हणाल्या. "बसमधून उतरले तेव्हा धुकं होतं. स्टॉपवर चिटपाखरू नव्हतं. घरी गेले. दुसऱ्या दिवशी सांगायलाच निघाले होते. ही पोरगी भेटली. म्हणाली, ताई कशा आहेत? मी तोंड उघडलं, तेवढ्यात हीच हसून म्हणाली, बरं झालं दोघी आलात, नाहीतर आपण एकोणपन्नास झालो असतो!"

नर्स खाली बसली.

"मग मी म्हटलं, आहेत. तेवढ्यापुरतं. हिच्या तोंडावरचं हसू कसं काढून घेऊ? आणि मागे ही," त्यांनी सुनेकडे बोट केलं, "पोट सांभाळत चालली होती. आहेत म्हटल्यावर संध्याकाळी दिवा लावावा लागला. दिवा लावल्यावर धुणं. एकेक वाढत गेलं."

"मावशी, मला नुसतं सांगायचं होतंत," बाई म्हणाल्या. "मी... "

"तू काय केलं असतंस गं?" मावशी शांतपणे म्हणाल्या. "खरं सांग."

अध्यक्षबाईंनी बराच विचार केला. "म्हटलं असतं, मोजणीपर्यंत थांबा."

"मग? मी तेच केलं."

"पण मग पाटीवर का लिहिलंत?" मेहुणा न राहवून म्हणाला. दाजींनी त्याला अडवलं नाही.

"तिथे इस्पितळात ताई तीन दिवस होत्या. तीन दिवसांत आम्ही अकरा वर्षांचं बोललो. सगळं मिटलं. इथे आले तर इथे ताई जिवंत आणि आमचं भांडण चालू. दुकानात गेले की हा म्हणतो, 'काय मावशी, अजून अबोला?' हो म्हणावं लागतं. आमचं मिटलंय हे मला कुणाला सांगता येईना. रडायचं तर लोक विचारणार, ताई तर पलीकडे आहेत, मग रडता कुणासाठी? वाटलं, आकडा बदलला तर कुणीतरी विचारेल, कोण गेलं? नीळ ताईंची होती, तीच घेतली. तीनदा लिहिलं. तिन्ही वेळा तुम्ही विचारलंत, कोणी लिहिलं."

मेहुण्याने दाजींकडे पाहिलं. दाजी स्वतःच्या बोटाकडे बघत होते. निळा डाग निघाला नव्हता. त्यांनाही तेच विचारायला बोलावलं होतं, आणि त्यांनी दिवसभर तेच विचारलं होतं.

बाहेर बसचा आवाज आला. पावणेदहाच झाले होते. रस्त्यात उतारू नसले की बस लौकर पोचते.

"दाजी," बाई घाईने उठल्या. "तुमचं काम झालं. आता मी किती सांगू?"

"ते मला शोधायला सांगितलं नव्हतं."

"तुम्ही एकोणपन्नास आमच्या गळ्यात टाकून जाल, आम्ही बसू पन्नास म्हणत! तुम्हाला काय!"

"हो," दाजी म्हणाले. "मला काही नाही. म्हणून मी सांगू नये."

मोजणी अधिकारी अध्यक्षबाईंचं घर बंद बघून शाळेत आला. तरुण होता, काखेत फाइल, घामाघूम. मुलांच्या बाकांवर बसलेली गंभीर मोठी माणसं बघून तो दारातच थबकला.

"आकडा?" त्याने बसून पेन काढलं. "गेल्या वर्षीइतकाच ना? पन्नास?"

अध्यक्षबाईंनी सुनेकडे पाहिलं. सुनेचे दोन्ही हात पोटावर होते. तिने मान हलवली नाही, होकाराची नाही आणि नकाराचीही नाही. शेवटच्या बाकावर मावशी खाली बघत होत्या.

"चव्वेचाळीस," बाई म्हणाल्या.

पेन थांबलं. "बाई, पन्नासाच्या खाली दवाखाना..."

"मला नियम पाठ आहे. बदलीचा कागद किती दिवसांनी येतो?"

"वर जाईल, खाली येईल... दोन महिने धरा."

"हिला पाच आठवडे आहेत," बाई म्हणाल्या. मग तिथेच बसून राहिल्या. पुढच्या कुणाला तरी पाच आठवडे राहिलेले असतील तेव्हा काय, हे त्यांनी विचारलं नाही. सगळ्यांच्या मनात ते आलं आणि सगळ्यांनी ते मनातच ठेवलं. नर्स रडत होती, पण कोणाकडे न बघता.

अधिकाऱ्याने सहा नावं खोडली. पाचांपुढे 'स्थलांतर' लिहिलं. सहाव्याला अडला. "यांची तारीख? मृत्यूची?"

"मंगळवार होता," धाकट्या मावशी म्हणाल्या.

"तारीख सांगा, मावशी. रकान्यात तारीखच लागते."

त्यांनी तारीख सांगितली. त्याने लिहिली. मावशी थांबल्या नाहीत.

"पहाटे पाणी मागितलं त्यांनी. माझ्याकडे. अकरा वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे काही मागितलं."

"बोलायला आधी कोणी सुरुवात केली?" मास्तरांनी विचारलं. इतक्या हळू, की मेहुण्याला वाटलं त्यांनी स्वतःलाच विचारलं.

"मीच. काय बोलले माहितीये? 'पाय गार पडलेत का?' बस, एवढंच. अकरा वर्षं मी काय काय ठरवून ठेवलं होतं बोलायचं, त्यातलं एकही नाही."

"मग त्या काय म्हणाल्या?" दुकानदाराने विचारलं.

"शिवी दिली," मावशी म्हणाल्या, आणि दीड महिन्यात पहिल्यांदा रडू लागल्या. सून खुर्चीतून उठली, त्यांच्या बाकावर कशीबशी मावली आणि म्हणाली, "कुठली शिवी? नीट सांगा."

अधिकाऱ्याने पेनला टोपण घातलं. बाहेर ड्रायव्हरने एकदा हॉर्न वाजवला, थोड्या वेळाने पुन्हा वाजवला. मग इंजिन बंद झालं, आणि तोही आत येऊन मागे उभा राहिला.